शिवण आतल्या बाजूला

१७ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं कार्ड गेल्या महिन्यात मिळालं. अप्पांना वाचून दाखवलं. त्यांचे मोतीबिंदू पिकलेत, अक्षर आता दिसत नाही. दारात कोणी उभं राहिलं तर कोणीतरी आहे एवढंच कळतं. छाती सुधारल्याशिवाय डोळ्यांना हात लावणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. कार्ड त्यांनी उशीखाली ठेवलंय.

तुझी खोली कालपासून बंद केली. तू गेल्यापासूनची ही सहावी थंडी, आणि दर थंडीत आम्ही ती बंद करतो. दोन खोल्या तापवणं झेपत नाही. घरमालकीणबाई विजेचा हीटर लावू देत नाहीत. भिंतीतल्या वायरी त्यांच्या लग्नाच्या वेळच्या आहेत. त्यामुळे तोच आपला चाकांवरचा गॅसचा हीटर, पोटात सिलिंडर घेऊन फिरणारा. सकाळी एक तास, संध्याकाळी तीन. इतका जपून वापरला तर सिलिंडर अठरा दिवस जातो.

खिडक्यांना बुडबुड्यांचं प्लास्टिक चिकटवलं. दुकानात माल त्यातच गुंडाळून येतो. गाद्यांखाली वर्तमानपत्रं घातली. पडदे तीनपदरी केले: बाहेरून जाड कापड, मध्ये जुनी चादर, आतून अस्तर. अप्पांच्या पलंगाला चार काठ्या बांधून वर उरलेल्या तुकड्यांचा तंबू शिवला. खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवावा. दिवसभर मी कामावर असते तेव्हा हीटर बंद. ते तंबूत गरम पाण्याची पिशवी घेऊन बसतात.

पहिल्या दिवशी म्हणाले, "मी काय सर्कशीतला वाघ आहे?"

मी म्हटलं, "वाघ असता तर बरं झालं असतं. कातडं तरी जाड असतं."

हसले. बऱ्याच दिवसांनी.

तुझ्या दाराखालच्या फटीला वाळूची वळकटी लावली. ती मीच शिवली आहे, पायाएवढी जाड. लावताना शिवण दाराकडे करते. इथे बघायला कोणी नाही, पण पडद्याच्या दुकानात वीस वर्षं काढल्यावर शिवण बाहेर दिसलेली सहन होत नाही.

गॅसवाला सिलिंडर बदलायला आला तेव्हा माझी सगळी तटबंदी फिरून बघून गेला. म्हणाला, "ताई, काम चोख आहे. फक्त भिंतीतला झरोका बुजवू नका. मूठभर हवा आत येत राहिली पाहिजे. खोली गच्च बंद, आत हीटर, आत माणूस, असं कोणी दुसऱ्यांदा करत नाही." मी विचारलं, का? तो म्हणाला, "पहिल्यांदाच संपतो." दोन्ही खोल्यांतले झरोके उघडे ठेवलेत. तुझ्याही. तिथे हीटर नाही, पण भिंतीला बुरशी नको.

आता मुद्दा. मालक दुसऱ्या गावात दुकान काढतायत. तिथलं शिवणखातं मी सांभाळावं असं म्हणतात. दुकानाच्या वर खोली आहे, आणि खोलीच्या भिंतीतून खालच्या धुलाईवाल्याचा गरम पाण्याचा नळ जातो. मी जाऊन भिंतीला हात लावून आले. पाठ टेकून उभी राहिले थोडा वेळ. जिना मात्र असा आहे की अप्पांना तो चढवणार नाही. वर्षअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

तू दोन महिने येऊन राहिलीस तर पुढचं काहीतरी ठरवता येईल. कार्डावर तू जे लिहिलंस ते वाचूनही मी हे लिहिते आहे. पुन्हा एकदा विचार कर.

थोरली

६ डिसेंबर

धाकटे,

उत्तर आलं नाही. पोस्टाची चूक असेल असं धरून चालते.

सिलिंडर अकराव्या दिवशी संपला.

आधी मला वाटलं, गळतोय. साबणाचं पाणी करून नळीला लावलं, बुडबुडा आला नाही. मग गॅसवाल्याला बोलावून त्याच्याशी भांडले. अर्धा भरलेला दिलास, असं म्हणाले. त्याने वजनकाटा आणून दाखवला. "ताई, गॅस कोणी पीत नाही. तुमच्याकडे पाहुणे आलेत का?" पाहुणे कुठले. मी सकाळचा तास बंद केला. संध्याकाळचे तीनाचे दोन केले. घरात कोट घालून जेवते. बोटं आखडली की सुई हातातून निसटते, म्हणून घरी आणलेलं काम स्वयंपाकघरात करते. चूल बंद केल्यावर तिथली हवा अर्धा तास धरून राहते. तो अर्धा तास मी वाया जाऊ देत नाही. चुलीकडे पाठ करून बसते, मग तोंड करून.

दुकानात मापवाली आहे, घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घेणारी. तोंडाने फटकळ. म्हणाली, "बाई गं, तुझ्या अंगावर चार स्वेटर. तू येतेस की कपाट चालत येतं?" मी जाणार की नाही, हेही तीच रोज विचारते. मी नाही गेले तर ती जागा तिला मिळणार आहे. लपवत नाही ती. मला आवडतं ते.

अप्पांची तब्येत मात्र चांगली आहे. दोन्ही वेळा जेवतात. गोळ्या न सांगता घेतात. ऑक्टोबरात त्यांनी जेवणच टाकलं होतं, हे तुला मी कळवलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. विचारलं तर म्हणायचे, "कशासाठी?" आता दाढी करतात. परवा केस कापून घेतले. घरमालकीणबाईंनी जिन्यात विचारलं, "अप्पांचं लग्न ठरवलंत की काय?"

तू दोन ओळी लिही. येते किंवा येत नाही. पण अप्पांच्या नावाने लिही, माझ्या नको. का ते विचारू नकोस.

थोरली

१९ डिसेंबर

धाकटे,

गॅस कुठे जात होता ते कळलं.

सोमवारी कामावरून आले, बूट काढायला वाकले, तर तुझ्या दाराखालच्या वळकटीची शिवण माझ्याकडे बघत होती. मी ती उलटी कधीच लावणार नाही. मग जमिनीकडे पाहिलं. हीटरच्या चाकांच्या दोन रेघा, आमच्या खोलीतून तुझ्या दारापर्यंत. अप्पांना त्या दिसत नाहीत, म्हणून त्यांनी पुसल्या नव्हत्या.

त्या दिवशी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत घरी आले. तंबू रिकामा. तुझं दार लोटलं. खोली गरम होती. गरम म्हणजे अशी, की मला चष्मा काढून पुसावा लागला. अप्पा तुझ्या पलंगावर बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून. धुतलेली चादर घातली होती, चुरगळलेली, पण चारही कोपरे आत खोचलेले.

"कोण?"

"मीच आहे अप्पा."

"तू? कामावर नाही गेलीस?"

"हे रोज चाललंय का?"

"रोज नाही." मग जरा थांबून, "जवळजवळ रोज."

"मी तिकडे कोट घालून जेवते, अप्पा."

"ती कधी येईल ते लिहिलं नाही ना तिनं. थंडीत येते, एवढंच. बंद खोली एका दिवसात तापत नाही. भिंतींना वेळ लागतो. आल्या आल्या गारठली तर म्हणेल, बाप तसाच आहे."



तू कार्डावर लिहिलं होतंस: येणार नाही. पुन्हा विचारू नकोस. दोनच वाक्यं. ती मी ऑक्टोबरात अप्पांच्या उशाशी बसून वाचली, आणि मोठ्याने म्हटलं, "थंडीत येते, असं लिहिलंय." त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा तसंच वाचलं. संध्याकाळी ते उठून बसले आणि जेवले. मागच्या पत्रात ते तब्येतीचं लिहिलं होतं, त्याचं कारण हे.

सहा वर्षांपूर्वी तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा, या दारातून गेलीस तर परत येऊ नकोस, असं ते म्हणाले होते. तू त्यांचा शब्द पाळलास. मी तेव्हा मध्ये पडले नाही. मशीनवर बसून एका पडद्याला चुण्या घालत होते, त्या घालत राहिले. तेव्हापासून मी इथे आहे. त्यांची औषधं, त्यांचं पाणी तापवणं, त्यांचे पाय चोळणं. आणि गॅस जळतो तुझ्या रिकाम्या पलंगासाठी, आणि तोही माझ्याच सांगण्यावरून. यात रागवायचं कोणावर, हे मला दोन दिवस ठरवता आलेलं नाही.

खरं सांगितलं तर ते पुन्हा भिंतीकडे वळतील. नाही सांगितलं तर सिलिंडर पुरत नाही. मी म्हटलं, "दिवसातून एक तास. त्याहून जास्त नाही. आणि वळकटी लावताना शिवण दाराकडे."

"उलटी लागली होती का?"

"हो."

"त्यावरून पकडलंस?" खूश झाले. "तुझ्या आईनं तुला फौजदार करायला हवं होतं."

त्या खोलीतली ऊब टिकावी म्हणून काहीतरी बघते. एक तास जाळायचा तर निदान तो वाया जायला नको.

तू लिहीत का नाहीस?

थोरली

४ जानेवारी

धाकटे,

अप्पा हॉस्पिटलमध्ये आहेत. जिवाचा धोका टळला, असं काल सांगितलं. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

तीस तारखेला सकाळी मी मालकांना हो म्हटलं. नव्या दुकानात जाते म्हणून सांगितलं. मापवाली म्हणाली, "जा बाई, एकदाची वितळ." दुपारची रजा घेतली. अप्पांना ते कार्ड आहे तसं वाचून दाखवायचं, मग त्यांना कुठे ठेवता येईल ते बघायचं, असं ठरवून घरी निघाले. जिन्यात वाक्यं जुळवत होते.

तंबू रिकामा. तुझं दार ढकललं तर हलेना. वळकटी त्यांनी आतून लावली होती. फटीतून ऊब जाऊ नये, हे माझ्याकडूनच शिकलेले. खांदा लावून दार उघडलं. ते पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर पडले होते. हीटर चालू होता. चेहरा लाल, चांगला झोपलेल्या माणसासारखा. मी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं, दारं उघडली, खिडकीचं प्लास्टिक नखांनी फाडलं. घरमालकीणबाई आवाज ऐकून वर आल्या आणि त्यांनीच गाडी बोलावली.

वळकटी दारामागे सरकलेली होती. शिवण दाराकडे. या वेळी बरोबर लावली होती.

डॉक्टरांनी विचारलं, खोलीत हवा यायला काही वाट नव्हती का? मी सांगितलं, झरोका होता, पण थंडीच्या सुरुवातीलाच मी तो बुजवला. खोली वापरात नव्हती म्हणून. ते म्हणाले, असं बऱ्याच घरांत होतं, स्वतःला दोष देऊ नका. लिहून घेतलं.

आज त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्या दिशेने पाहत राहिले. मग तुझ्या नावाने मला हाक मारली. "आलीस?"

नर्स माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "आले."

थोरली

१५ जानेवारी

धाकटे,

अप्पांना घरी आणून सहा दिवस झाले. चालतात, जेवतात. तारीख सांगता येत नाही, पण आपण दोघी लहानपणी पत्त्यांची घरं कोणत्या टेबलावर बांधायचो ते सांगतात. डॉक्टर म्हणतात, विषारी वायूने असं होतं, काहींचं सुधारतं, काहींचं राहतं. वाट बघा.

त्यांच्या लेखी मी धाकटी. आपला आवाज सारखाच आहे. आई असतानाही आपण तिला फसवत होतो. पहिल्या दिवशी मी सांगायचा प्रयत्न केला. "अप्पा, मी थोरली." ते म्हणाले, "ती कामावर असते. ती येईल रात्रीपर्यंत." आणि माझा हात सोडेनात. सहा वर्षांत त्यांनी माझा हात असा धरल्याचं मला आठवत नाही. मग मी नाद सोडला.

आता मी तुझ्या खोलीत झोपते. त्यांचा हट्ट. सकाळी थोरली म्हणून कामावर जाते, संध्याकाळी धाकटी म्हणून घरी येते. थोरली कायम कामावर असते. "किती राबते ती," ते म्हणतात, "दिसतसुद्धा नाही हल्ली."

नव्या दुकानाला नाही म्हणून कळवलं. मापवाली सोमवारी गेली. जाताना म्हणाली, तुझ्या वाटणीची गरम भिंत मी सांभाळते.

आता एक गोष्ट. ती लिहिण्यासाठी हे पत्र आहे.

झरोका मी थंडीच्या सुरुवातीला बुजवला नव्हता. डॉक्टरांना सांगितलं ते खोटं. तुला माहीत आहे. माझं नोव्हेंबरातलं पत्र तुझ्याकडे आहे, त्यात स्पष्ट आहे की दोन्ही झरोके उघडे आहेत. मी तो वीस डिसेंबरला बुजवला. अप्पा तिथे हीटर घेऊन बसतात हे कळल्यावर. उरलेल्या अस्तराची एक उशी शिवली, झरोक्याच्या मापाची, आत कापूस ठासला आणि स्टुलावर चढून ती बसवली. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. एक तास म्हटलं की ते दोन तास करणार, हे मला माहीत होतं. गॅसवाल्याचं बोलणंही मी विसरले नव्हते. उशी शिवताना ते आठवत होतं. तरी टाके घट्ट घातले. त्या वेळी माझ्या मनात नेमकं काय होतं ते मी रोज शोधते. काहीही नव्हतं, असं म्हणावंसं वाटतं. पण मग मी त्यांना उशीबद्दल सांगितलं का नाही?

परवा संध्याकाळी मी त्यांचे पाय चोळत होते. ते हळू आवाजात म्हणाले, "धाकटे, एक सांगतो. थोरलीला कळू देऊ नकोस."

"काय?"

"तुझ्या खोलीतल्या झरोक्यात उशी होती. वारा येईना म्हणून मी पलंगावर उभा राहून चाचपलं. थोरलीच्या हातची. तिचा टाका मला बोटांना कळतो, माझे सगळे सदरे तिनंच शिवलेत."

"कधी चाचपलंत?"

"पहिल्याच दिवशी."

"मग काढली का नाही?"

त्यांनी दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाले, "तिनं बसवली होती ना. काहीतरी विचार करूनच बसवली असेल. तिला विचारू नकोस. दमलेली असते."

मी पाय चोळत राहिले. त्यांना खरंच मी धाकटी वाटते, की मला हे सांगायला त्यांना दुसरी वाट सापडली नाही, हे मला कळत नाही. विचारलं तर दोन्हीपैकी एक तरी मोडेल.

म्हणून आता तू येऊ नकोस. तीन महिने तुला बोलावत होते, त्याबद्दल माफ कर. तू दारात उभी राहिलीस तर मला कोणीतरी व्हावं लागेल, आणि जी जागा उरेल ती मला नको आहे. माझी पत्रं ठेवायची की जाळायची ते तूच ठरव. नोव्हेंबरातलंसुद्धा.

झरोका उघडा आहे. तिथून गार हवा थेट तुझ्या पलंगावर येते. मी चार स्वेटर घालून झोपते. नवा सिलिंडर लावून आज चौथा दिवस.

आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत. हे पत्र मी आमच्या खोलीतल्या टेबलावर लिहिते आहे. थोड्या वेळापूर्वी अप्पांनी तंबूतून डोकं बाहेर काढून विचारलं, "थोरली आली का गं?"

"अजून नाही."

ते उठले. हीटरची मूठ चाचपून धरली आणि तो माझ्यापासून ओढत कोपऱ्यात नेला, जिथे माझी गादी गुंडाळून ठेवलेली आहे. गादी उलगडली. चारही कोपरे हातांनी सारखे केले. हीटरचं तोंड तिच्याकडे वळवलं.

"गारठून येते ती," म्हणाले. "तिची जागा तापलेली असू दे."

आणि तिथेच शेजारी बसले, दाराकडे तोंड करून.